फाइल लिहिणारं टूल आणि एजंट: पुसलेल्या, अर्धवट आणि हरवलेल्या फाइलींचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. एजंटला, म्हणजे टूल बोलावून स्वतः कामं उरकणाऱ्या एआय मॉडेलला, सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलायला सांगितली, त्यानं ती बदलली, आणि ४०० ओळींची फाइल ३० ओळींची झाली. उरलेल्या ३७० ओळींच्या जागी एकच शेरा: ‘बाकीचा भाग आधीप्रमाणेच’. नाहीतर एजंट ‘फाइल तयार केली’ असं सांगतो आणि ती फाइल कुठेच सापडत नाही. नाहीतर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. मग मॉडेल बदलून पाहिलं जातं, चार दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच.

मॉडेल बदलूनही दुखणं परत येतं, कारण ते टूलच्या वर्णनात असतं. फाइल लिहिण्याच्या टूलला, म्हणजे मॉडेल बोलावतं त्या छोट्या प्रोग्रॅमला, बहुतेक ठिकाणी एका ओळीचं वर्णन असतं: ‘दिलेल्या पाथवर फाइलमध्ये मजकूर लिहितो.’ (पाथ म्हणजे फाइलीचा फोल्डरांसकट पत्ता.) माणसाला एवढं पुरतं, कारण अडलं तर तो कोड उघडतो, शेजाऱ्याला विचारतो, एकदा करून बघतो. मॉडेलला फक्त चार गोष्टी दिसतात: टूलचं नाव, वर्णन, पॅरामीटरची स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याची यादी) आणि टूल चालल्यावर परत आलेला निकाल. रीडमी फाइल, विकीचं पान, कोडमधल्या टिपा यांतलं काहीही, मुद्दाम पुढे ठेवल्याशिवाय, त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे या टूलचं खरं दस्तऐवजीकरण त्या चार जागांतच लिहावं लागतं.

आधी नोंदी गोळा करा

वर्णनाला हात लावण्यापूर्वी बिघडलेल्या प्रत्येक वेळच्या चार नोंदी हाताशी हव्यात: मॉडेलनं पाठवलेले कच्चे आर्ग्युमेंट (म्हणजे पॅरामीटरमध्ये भरलेली माहिती), त्या क्षणी टूल कोणत्या फोल्डरमध्ये चालू होतं, मॉडेलला परत गेलेला निकाल शब्दशः, आणि मॉडेलचं उत्तर का थांबलं याचं कारण. शेवटची नोंद बहुतेक लॉगमध्ये नसते, आणि ती नसली की अर्धवट फाइलीचं निदान हमखास चुकतं. उत्तर नेहमीसारखं टूल बोलावण्यासाठी थांबलं की टोकनची (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत मजकूर मोजतं त्यांची) मर्यादा संपल्यामुळे तुटलं, हे मोठ्या कंपन्यांच्या एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रॅममधून मॉडेल वापरण्याच्या सोयीच्या, उत्तरात सहसा वेगळ्या रकान्यात येतं. तो रकाना जपून ठेवा.

पूर्ण फाइल पुसून तुकडाच लिहिला

सगळ्यात जास्त नुकसान यानं होतं, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा.

‘फाइलमध्ये मजकूर लिहितो’ हे वाक्य पुन्हा वाचा. ‘वहीत लिही’ म्हटलं तर कोणी आधीची पानं फाडत नाही. पण टूल नेमकं तेच करतं: जुनं सगळं काढून नवं ठेवतं. वाक्यात ते कुठेच नाही, त्यामुळे मॉडेलला अंदाज करावा लागतो. लहान फाइलीत ते पूर्ण मजकूर देतं आणि सगळं ठीक वाटतं. फाइल मोठी झाली की फक्त बदललेला भाग देऊन ‘बाकी तसंच’ असा शेरा टाकतं, कारण माणसांना कोड समजावताना तसंच लिहितात आणि ते त्यानं भरपूर वाचलेलं असतं.

दुरुस्त वर्णन असं हवं:

‘दिलेल्या पाथवरची फाइल संपूर्ण बदलतो. फाइल आधीपासून असेल तर तिचा जुना मजकूर पूर्ण जातो आणि फक्त “मजकूर” या पॅरामीटरमधला मजकूर उरतो. म्हणून मजकूर नेहमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण द्या. “बाकी तसंच” यासारखे शेरे जसेच्या तसे फाइलीत जातात. आधीपासून असलेल्या फाइलीचा काही भागच बदलायचा असेल तर हे टूल वापरू नका, “फाइल बदला” हे टूल वापरा. अस्तित्वात असलेली फाइल या सत्रात वाचलेली नसेल तर टूल नकार देतं आणि फाइल तशीच राहते. पाथ पूर्ण, म्हणजे मुळापासून द्या. मधले फोल्डर नसतील तर तयार केले जातात. एन्कोडिंग यूटीएफ-८. एका वेळी जास्तीत जास्त ४० किलोबाइट.’

एवढं लांब कशाला, असं वाटेल. हे वर्णन प्रत्येक फेरीत मॉडेलकडे जातं आणि त्याचे टोकन मोजावे लागतात, हे खरं. पण एक फाइल पुसली गेली की ती परत वाचणं, परत लिहिणं, माणसानं बघणं यात त्याच्या कितीतरी पट टोकन आणि वेळ जातो. कपात करायची तर ‘हे एक उपयुक्त टूल आहे’ या जातीची वाक्यं कापा. परिणाम, नकाराच्या अटी आणि दुसरं टूल कधी वापरायचं, ही वाक्यं कधीही कापू नका.

यातलं ‘वाचलेली नसेल तर नकार’ हे वाक्य नुसतं लिहून भागत नाही, टूलमध्ये तशी तपासणीही हवी. क्लॉड कोड या कोड लिहिणाऱ्या एजंटमधल्या फाइल लिहिण्याच्या टूलला हाच नियम आहे: असलेली फाइल आधी वाचल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. वाचताना टूलनं फाइलीचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा, त्यावरून काढलेला ठसा) स्वतःकडे ठेवावा आणि लिहिण्याआधी तो जुळवावा. मधल्या वेळात माणसानं एडिटरमध्ये फाइल बदलली असेल तर हॅश जुळणार नाही, आणि माणसाचं काम पुसलं जाण्यापासून वाचेल.

या जागी अनेकजण ‘ओव्हरराइट’ नावाचा हो-नाही पॅरामीटर ठेवतात. तो कमकुवत उपाय आहे. एकदा ‘फाइल आधीच आहे’ अशी एरर आली की मॉडेल तो ‘हो’ करून पुन्हा बोलावतं, आणि त्या संभाषणात पुढे कायम ‘हो’च पाठवत राहतं. मॉडेलनं नुसतं ‘हो’ म्हणून जी अट पार होते, ती संरक्षण म्हणून धरू नका. फाइल खरंच वाचल्याचा पुरावा टूलकडे असणं यापेक्षा कितीतरी भक्कम.

‘फाइल बदला’ या जोडटूलचं वर्णनही तितकंच नेमकं हवं. जुना तुकडा आणि नवा तुकडा देऊन बदलायची पद्धत असेल तर तीन गोष्टी स्पष्ट लिहा: जुना तुकडा मोकळ्या जागांसकट तंतोतंत जुळला पाहिजे, तो फाइलीत एकदाच आला पाहिजे (जास्त वेळा आला तर टूल काहीही बदलत नाही), आणि वाचण्याच्या टूलनं ओळींपुढे दाखवलेले क्रमांक त्यात घ्यायचे नाहीत. ही तिसरी गोष्ट सांगितली नसेल तर ‘तुकडा सापडला नाही’ अशा एररमागे बऱ्याचदा क्रमांकच निघतात. पूर्ण लिहिण्याच्या टूलमध्ये तर ते क्रमांक थेट फाइलीतच जाऊन बसतात.

फाइल मध्येच तुटली, आणि टूल म्हणतं यशस्वी

मॉडेलच्या एका उत्तराला टोकनची कमाल मर्यादा असते. लांब फाइल लिहिताना ती मर्यादा मजकुराच्या मधोमध संपली की आर्ग्युमेंटचं जेसन (माहिती अवतरणं आणि कंसांत मांडलेला मजकूर) अर्धवट राहतं: अवतरणचिन्ह बंद नाही, कंस बंद नाही. इथे काही लायब्ररी (तयार कोडचे संच) मदत म्हणून ते जेसन ‘दुरुस्त’ करतात, अवतरण आणि कंस स्वतःच बंद करून देतात. टूलला आता एक नियमबद्ध, पण अर्धाच मजकूर मिळतो. ते तो लिहितं आणि ‘यशस्वी’ असं कळवतं. मॉडेलला शंका यायचं कारणच उरत नाही.

फाइल लिहिणाऱ्या टूलसाठी ही आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. थांबण्याचं कारण टोकनमर्यादा असेल तर टूल चालवूच नका, एरर परत द्या.

याचाच दुसरा अवतार म्हणजे पाथ येतो पण मजकूर हा पॅरामीटर येतच नाही. स्कीमा तपासणारा कोड सांगतो: ‘मजकूर आवश्यक आहे.’ मॉडेल तीच लांबलचक फाइल पुन्हा लिहायला घेतं, पुन्हा तुटते, पुन्हा तीच एरर. अशा फेऱ्या चालू राहतात आणि बिल वाढत जातं. एररमध्ये असं लिहा: ‘तुमचं उत्तर टोकनमर्यादेमुळे तुटलं, म्हणून मजकूर पोचला नाही. फाइल बदललेली नाही. आधी फाइलीचा सांगाडा लिहा, मग “फाइल बदला” वापरून एकेक भाग भरा.’ एवढ्यानं मॉडेल वाट बदलतं.

मर्यादा ठरवताना आपल्यासाठी एक मोठा फरक आहे. तोच आशय देवनागरीत लिहिला तर इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, आणि हे प्रमाण मॉडेलगणिक बदलतं. इंग्रजी कोडवर तपासून ठरवलेली मर्यादा मराठी मजकुराला लावली की तीच फाइल निम्म्यात तुटू शकते. वरच्या वर्णनातला ४० किलोबाइटचा आकडा म्हणूनच उदाहरणापुरता धरा. आपल्या मॉडेलवर, आपल्याच मराठी मजकुरानं मोजून आपला आकडा लिहा.

स्कीमात पाथ आधी आणि मजकूर नंतर ठेवा. मॉडेल साधारण त्याच क्रमानं लिहितं, त्यामुळे उत्तर तुटलं तरी निदान कोणत्या फाइलीचं काम अडलं ते कळतं.

‘तयार केली’ म्हणतो, पण फाइल सापडत नाही

बहुतेक वेळा फाइल असते, फक्त भलत्या फोल्डरमध्ये. सापेक्ष, म्हणजे मुळापासून न दिलेला, पाथ टूलच्या प्रोसेसच्या चालू फोल्डरपासून धरला जातो, आणि मॉडेलच्या मनात प्रोजेक्टचं मूळ फोल्डर असतं. हे दोन वेगळे असले की ‘अहवाल’ फोल्डरच्या आत आणखी एक ‘अहवाल’ तयार होतो. पूर्ण पाथच स्वीकारा आणि सापेक्ष आला तर एररमध्ये मूळ फोल्डरचा पाथ लिहून द्या, म्हणजे मॉडेल लगेच बरोबर जोडून देतं. कंटेनरमध्ये (यंत्रातल्या वेगळ्या, बंदिस्त जागेत) टूल चालत असेल तर वर्णनात कंटेनरच्या आतला पाथ सांगा. यजमान यंत्रावरचा पाथ सांगून उपयोग नाही.

टिल्ड (~) चिन्हाची चूक जरा धोक्याची आहे. टिल्डचा अर्थ होम फोल्डर असा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, लावतं. फाइल उघडणारं साधं फंक्शन लावत नाही. मधले फोल्डर आपोआप तयार करणाऱ्या टूलला टिल्डनं सुरू होणारा पाथ दिला की चालू फोल्डरमध्ये ‘~’ याच नावाचं फोल्डर तयार होतं. नंतर ते कोणाला तरी दिसतं आणि तो शेलमध्ये अवतरणांशिवाय ते डिलीट करायला जातो. त्या कमांडचा अर्थ ‘माझं अख्खं होम फोल्डर डिलीट कर’ असा होतो. म्हणून टिल्ड आला तर तो एकतर टूलनं उलगडावा किंवा सरळ नाकारावा, आणि यातलं काय होतं ते वर्णनात लिहावं.

ठरावीक फोल्डरबाहेर लिहू न देण्याची तपासणी पाथची सुरुवातीची अक्षरं जुळवून करू नका. ‘/डेटा/अॅप’ ला परवानगी दिली तर अक्षरांच्या हिशोबानं ‘/डेटा/अॅप-जुनं’ हेही आत बसतं. सिम्लिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारे दुवे) उलगडून खरा पाथ काढा आणि फोल्डरच्या घटकांनुसार तुलना करा. निकालात नुसतं ‘यशस्वी’ न लिहिता प्रत्यक्ष लिहिलेला पूर्ण पाथ, किती ओळी, किती बाइट, आणि फाइल नवी तयार झाली की जुनी बदलली हे परत द्या. ‘४१२ ओळींच्या जागी ३८ ओळी लिहिल्या’ असं निकालात दिसलं तर मॉडेलला स्वतःची चूक त्याच फेरीत कळण्याची संधी मिळते.

मराठी मजकूर बिघडतो

विंडोजवर पायथनमध्ये एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) न सांगता फाइल उघडली तर सिस्टिमचं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा जुना तक्ता, लागतं, आणि त्यात देवनागरी नसते. ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग करायचं ठरलं आहे, पण आज चालणारी बहुतेक यंत्रं त्याआधीच्या आवृत्तीवर आहेत. इथे घडतं ते असं: फाइल लिहिण्यासाठी उघडली त्याच क्षणी तिचा जुना मजकूर शून्य होतो, मग पहिलं देवनागरी अक्षर एन्कोड करताना एरर येते, आणि मागे शून्य बाइटची फाइल उरते. एन्कोडिंग नेहमी स्पष्ट सांगा, आणि थेट मूळ फाइलीवर लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहून मग तिचं नाव बदलून ती मूळ जागी आणा. त्याच फोल्डरमध्ये, कारण दुसऱ्या फाइल सिस्टिमवरून नाव बदलता येत नाही. तात्पुरती फाइल बऱ्याचदा फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा परवानग्यांनी तयार होते. जुन्या फाइलीच्या परवानग्या तिला लावल्या नाहीत तर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या दिवशी ‘परवानगी नाही’ म्हणून अडते.

मॉडेलला परत जाणारा निकाल जेसनमध्ये भरताना पायथन डीफॉल्टनं प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी बॅकस्लॅश-यू आणि चार अंकांचा कोड घालतो. वाचण्याच्या टूलनं मराठी फाइल अशी पाठवली तर टोकन फुगतात, आणि मॉडेल तेच कोड परत फाइलीत लिहून टाकतं. ते रूपांतर बंद करण्याचा पर्याय एका शब्दाचा आहे, तो द्या.

आकार बाइटमध्ये सांगता की अक्षरांत, तेही लिहा. ‘नमस्ते’ मध्ये ६ युनिकोड चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात मात्रा, हलन्त सगळे मोजले जातात. बातमीचा मथळा जसाच्या तसा फाइलीचं नाव करणारा एजंट इथे अडतो.

आता सगळ्यात चिवट दोष. ‘फाइल बदला’ म्हणतं तुकडा सापडला नाही. तुकडा डोळ्यांना तर समोर दिसतो आहे. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. ‘ॲप’ चंही तसंच: ॲ हे एकच चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचा आणि आजही बराच मजकूर अ आणि त्यावर ॅ असा दोन चिन्हांनी लिहिलेला आहे. फाइलीत एक रूप, मॉडेल लिहितं दुसरं, आणि तंतोतंत तुलना फसते. युनिकोडचं प्रमाणीकरण (समान मानलेली रूपं एक करणं) इथे पुरत नाही. र आणि नुक्ता मिळून झालेला ऱ त्यानं एक होतो, पण वरच्या दोन्ही जोड्या युनिकोडच्या लेखी समान नाहीतच.

शोधताना या रूपांचा आपला एक तक्ता वापरून ढोबळ जुळणी करून पाहावी, पण फाइल गुपचूप बदलू नये. लेखकानं टाइप केलेलं रूप बदलायचा हक्क टूलला नाही. ढोबळ जुळणी लागली तर एररमध्ये सांगा: ‘तंतोतंत तुकडा सापडला नाही. १७ व्या ओळीवर दिसायला सारखा तुकडा आहे, पण ऱ वेगळ्या चिन्हांनी लिहिलेला आहे. फाइलीतलं रूप हे:’ आणि पुढे ती ओळ जशीच्या तशी. मॉडेल ती ओळ उचलून पुन्हा पाठवतं आणि काम होतं.

सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडायची असेल तर सुरुवातीला बीओएमचे (एन्कोडिंग ओळखू येणाऱ्या खुणेचे) ३ बाइट लागतात, नाहीतर देवनागरी विस्कटते. बाकी फाइलींत ते नकोत. ओळ संपवण्याची विंडोज पद्धत की लिनक्स पद्धत, हे आधीच्या फाइलीत जे असेल तेच राखा आणि वर्णनात तसं म्हणा.

एरर हाही दस्तऐवजीकरणाचा भाग

प्रत्येक एररमध्ये तीन गोष्टी हव्यात: काय झालं, फाइल आता कोणत्या अवस्थेत आहे, पुढे काय करावं. मधली गोष्ट सगळे विसरतात. ‘फाइल बदललेली नाही’ हे वाक्य नसेल तर मॉडेल अर्धवट लिहिलं गेलं असेल असं धरून सावरायला जातं आणि चांगली फाइल बिघडवतं. तात्पुरत्या फाइलीची पद्धत वापरली की हे वाक्य खरेपणानं लिहिता येतं.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा (मॉडेलला टूल जोडण्याच्या सामाईक नियमांचा) सर्व्हर लिहीत असाल तर टूलची चूक निकालाच्या आत, चूक असल्याचं निशाण लावून पाठवा. प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही. २६ मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला ‘फक्त वाचणारं’, ‘नासधूस करू शकणारं’ अशा खुणाही लावता येतात. त्या जरूर लावा. पण त्या सूचना आहेत. लिहिण्यापासून अडवणारी तपासणी टूलमध्येच हवी.

वर्णन सुधारलं हे कसं ओळखायचं

ठरावीक दहा कामं तयार ठेवा: ५०० ओळींच्या फाइलीत एक ओळ बदलणं, नवी फाइल नसलेल्या फोल्डरमध्ये लिहिणं, टोकनमर्यादेपेक्षा मोठी मराठी फाइल, ऱ आणि ॲ असलेला तुकडा बदलणं, मध्येच माणसानं बदललेली फाइल, फक्त वाचायची परवानगी असलेली फाइल, अशी. मॉडेलचं उत्तर दर वेळी सारखं येत नाही, म्हणून प्रत्येक काम निदान ५ वेळा चालवा. वर्णनातलं एका वेळी एकच वाक्य बदला, आणि चुकीचं टूल निवडलं, चुकीचा पाथ दिला, तीच एरर सलग दोनदा आली, या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजा. पहिली वाढली तर दोन टूलच्या वर्णनांत सरमिसळ आहे, दुसरी वाढली तर पाथचं वाक्य बघा, तिसरी वाढली तर एररमध्ये पुढची वाट सांगितलेली नाही. वर्णन कोडच्याच फाइलीत ठेवा आणि टूलचं वागणं ज्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या एका नोंदीत) बदलतं त्याच कमिटमध्ये वर्णन बदला. मॉडेलची आवृत्ती बदलली की ही दहाही कामं पुन्हा चालवा.